पाटी कोणाची आणि किल्ली कोणाकडे : ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी संस्थांची पन्नास वर्षं

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? ठीक.

आज सुरुवात एका दुकानापासून करू. सिडनी शहरात रेडफर्न नावाचा भाग आहे. रेल्वेच्या वर्कशॉपना खेटून वाढलेली जुनी कामगार वस्ती. गेल्या शतकाच्या पन्नाशी-साठीत खेड्यापाड्यांतून, सरकारी राखीव वस्त्यांमधून बरीच अ‍ॅबोरिजिनल कुटुंबं कामाच्या शोधात इथे आली. ती आली, तसे त्यांच्या मागे पोलीसही आले. संध्याकाळी रस्त्यावर चार माणसं उभी दिसली की गाडीत कोंबायची, अशी पद्धत. म्हणून 1970 मध्ये तिथल्या तरुणांनी काही वकिलांना हाताशी धरून मोफत कायदेशीर मदत केंद्र काढलं. आणि वकिलाकडे येणारी माणसं आजारी असतात, हे लगेच लक्षात आलं. ती सरकारी रुग्णालयात जायला तयार नव्हती. तिथे मिळणारी वागणूक त्यांना ठाऊक होती.

मग जुलै 1971 मध्ये रस्त्यालगतच्या एका साध्या गाळ्यात दवाखाना सुरू झाला. गॉर्डन ब्रिस्को, शर्ली स्मिथ, गॅरी फोली अशी वस्तीतली माणसं आणि फ्रेड हॉलोज हे डोळ्यांचे डॉक्टर, अशांनी मिळून तो उभा केला. डॉक्टर फुकट काम करत. पुढे नेओमी मेयर्स या बाईंनी अनेक दशकं तो चालवला. (त्या आधी गायिका होत्या. ‘द सफायर्स’ हा सिनेमा ज्यांच्यावरून सुचला, त्या मूळ गायिकांपैकी त्या एक. असो.) या दवाखान्यात डॉक्टर बहुतेक गोरे होते. त्यात वेगळं काही नव्हतं. वेगळं हे होतं की डॉक्टरांना नेमणारं आणि त्यांना जाब विचारणारं मंडळ वस्तीतल्या लोकांचं होतं. ‘समुदाय-नियंत्रित’ हा शब्दप्रयोग तिथे या अर्थाने रुजला. आज अशा आरोग्य संस्था देशभर सुमारे दीडशे आहेत आणि त्यांचा राष्ट्रीय महासंघ आहे.

शब्दांबद्दल एक खुलासा करतो. मी ‘मूलनिवासी’ म्हणतोय ते ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटवासी या दोन समूहांसाठी. आपल्याकडे या शब्दाला वेगळा राजकीय अर्थ आहे, तो इथे डोक्यातून काढून टाका. 2021 च्या जनगणनेवर आधारित अंदाजानुसार हे लोक तिथल्या लोकसंख्येच्या 3.8 टक्के आहेत, म्हणजे दहा लाखांच्या आतबाहेर. पण तो एक समाज नव्हे. इंग्रज आले तेव्हा त्या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. तेव्हा ‘मूलनिवासींना काय हवंय?’ हा प्रश्न ‘भारतीयांना जेवायला काय आवडतं?’ या प्रश्नाइतकाच मोघम आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. सरकारी कागदपत्रांत एक वाक्य सारखं भेटतं : मूलनिवासी संस्थांना प्रतिनिधित्वात, निर्णयात आणि सेवा पुरवण्यात सहभागी करून घेऊ. कानाला छान लागतं. पण बघा, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. प्रतिनिधित्व म्हणजे आमच्या वतीने बोलणार कोण. निर्णय म्हणजे शेवटची सही कोणाची. आणि सेवा म्हणजे गाडी कोण चालवणार, औषध कोण देणार, पोराला बालवाडीत कोण नेणार. सरकारला यातली तिसरी गोष्ट द्यायला फारशी अडचण वाटत नाही, कारण त्यात काम दुसऱ्याचं आणि धोरण आपलंच राहतं. पहिली गोष्ट नाइलाज झाला तर देतात. दुसरी मात्र सहसा सुटत नाही. पन्नास वर्षांचा तिथला इतिहास या तिन्हींच्या ओढाताणीचा आहे.

1973 मध्ये केंद्र सरकारने पहिली निवडून आलेली सल्लागार समिती नेमली. सल्ला द्यायचा, मानायचा की नाही ते सरकार बघणार. ती चार वर्षांत गुंडाळून दुसरी आणली, तीही 1985 मध्ये बंद केली. मग 1990 मध्ये खरोखर मोठा प्रयोग झाला : अ‍ॅबोरिजिनल अँड टॉरेस स्ट्रेट आयलंडर कमिशन. लोक त्याला ‘अ‍ॅटसिक’ म्हणत. देशभर प्रादेशिक मंडळं, त्यांच्या निवडणुका, त्यांतून वर राष्ट्रीय मंडळ. आणि या मंडळांच्या हातात निधीसुद्धा. म्हणजे तेच लोकांचे प्रतिनिधी, तेच अनुदान वाटणारे. आपल्या भाषेत सांगायचं तर आमदार आणि गटविकास अधिकारी एकाच खुर्चीत. ही मांडणी धाडसी होती, पण अडचणीचीसुद्धा होती. ज्याला अनुदान मिळालं नाही तो म्हणणार, निवडणुकीत मी विरोधात होतो म्हणून डावललं. दरवेळी ते खोटंच असेल असंही नाही.

अ‍ॅटसिकच्या वरच्या नेतृत्वावर आरोप झाले, वर्तमानपत्रांनी ते लावून धरले. 2003 मध्ये सरकारनेच नेमलेल्या तीन जणांच्या समितीने आढावा घेतला. समितीचा सूर असा होता की दोष आहेत, पण सत्ता खाली, प्रादेशिक मंडळांकडे सरकवा. संस्था मोडा असं तिने सांगितलं नव्हतं. 2004 मध्ये आधी विरोधी पक्षाने आणि पंधरवड्यात पंतप्रधान हॉवर्ड यांनी ती मोडण्याची घोषणा केली. 2005 मध्ये ती संपली, आणि ज्या प्रादेशिक मंडळांविरुद्ध फारशी तक्रार नव्हती तीही सोबत गेली.

इथे जरा थांबतो, कारण हा भाग बहुतेक वेळा चुकीचा सांगितला जातो. ‘अ‍ॅटसिकला इतके पैसे दिले आणि तरी लोकांचं आरोग्य सुधारलं नाही’ असं तेव्हा सर्रास बोललं गेलं, आजही बोललं जातं. पण आरोग्याचा निधी 1995 मध्येच अ‍ॅटसिककडून काढून केंद्रीय आरोग्य खात्याकडे दिला होता. शाळा तर राज्य सरकारांच्या होत्या. तिच्या अंदाजपत्रकाचा मोठा हिस्सा एका रोजगार योजनेत बांधलेला होता. म्हणजे जबाबदारीचं नाव एकाकडे आणि चाव्या दुसऱ्याकडे. पाटी तुमची, किल्ली आमची. अपयश आलं की लोक पाटीवरचं नाव वाचतात.

आणि ती पाटी काढल्यावर काय झालं? दोन वर्षांत, 21 जून 2007 रोजी केंद्र सरकारने नॉर्दर्न टेरिटरीमध्ये ‘आपत्कालीन हस्तक्षेप’ जाहीर केला. निमित्त होतं मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दलच्या एका अहवालाचं. प्रश्न खरा होता, गंभीर होता, त्यात शंका नाही. पण उपाय पाहा : 73 वस्त्यांमध्ये लोकांच्या सरकारी भत्त्याचा निम्मा भाग गोठवून ठरावीक वस्तूंवरच खर्च करण्याची सक्ती, वस्त्यांच्या जमिनी पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारकडे, सोबतीला लष्कराची माणसं. हे सगळं वंशभेदविरोधी कायद्यात बसेना म्हणून तो कायदाच या उपायांपुरता बाजूला ठेवला. आणि ज्या अहवालाचा आधार घेतला, त्याची पहिलीच शिफारस अशी होती की जे काही कराल ते अ‍ॅबोरिजिनल समुदायांशी खरी चर्चा करून करा. त्या अहवालाच्या दोन लेखकांपैकी पॅट अँडरसन या अ‍ॅबोरिजिनल आरोग्य क्षेत्रातल्या ज्येष्ठ कार्यकर्त्या. अहवाल त्यांचा, पण त्याचा अर्थ लावणारे दुसरेच. अशा वेळी सरकारला अडवून ‘थांबा, आधी आमच्याशी बोला’ म्हणणारी निवडून आलेली राष्ट्रीय संस्था अस्तित्वातच नव्हती. ती दोन वर्षांपूर्वी मोडून झाली होती.

पुढच्याच वर्षी, 2008 मध्ये, ‘क्लोजिंग द गॅप’ म्हणजे दरी मिटवण्याची योजना आली. आयुर्मान, बालमृत्यू, शाळा, रोजगार यांची लक्ष्यं. लक्ष्यं ठरवली सरकारांनी, मोजली सरकारांनी. बारा वर्षांनी, 2020 च्या अहवालात, सातपैकी दोनच लक्ष्यं मार्गावर असल्याचं सरकारनेच मान्य केलं.

मधल्या काळात 2014 साली आणखी एक गोष्ट झाली, ती थोडक्यात सांगतो. दीडशेच्या आसपास योजना एकत्र करून पाच गट केले आणि संस्थांनी स्पर्धेने अर्ज करावेत असं ठरवलं. चाळीस वर्षं वस्तीत काम करणारी छोटी संस्था आणि अर्ज लिहायला पगारी माणसं ठेवणारी मोठी धर्मादाय संस्था एकाच रांगेत. अर्ज कोणाचा सुबक येणार? नंतर राष्ट्रीय लेखापरीक्षकांनीही या वाटपाच्या पद्धतीवर ताशेरे ओढले.

कागदांचं ओझं ही हसण्यावारी न्यायची बाब नाही. मी स्वतः काही वर्षं आपल्याकडच्या एका छोट्या संस्थेचे हिशेब पाहिले आहेत. मार्च महिना आला की कार्यकर्ते गावात जायचे थांबायचे आणि उपयोगिता प्रमाणपत्रं भरत बसायचे. एकाच बैठकीतल्या चहाचं बिल तीन देणगीदारांसाठी तीन नमुन्यांत लिहायचं. तिथल्या आरोग्य संस्थांबद्दल 2009 मध्ये एक अभ्यास झाला, त्याचं नावच ‘ओव्हरबर्डन’ आहे. छोट्या मुदतीची सुटी सुटी अनुदानं, प्रत्येकाचा वेगळा अहवाल. मला तो वाचताना परकं काहीच वाटलं नाही.

आता 2018. चौदा संघटनांनी मिळून पंतप्रधान आणि राज्यांच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. मागणी साधी होती : दरी मिटवायची योजना नव्याने आखताय, तर ती आमच्याशिवाय आखू नका. या जुळवाजुळवीच्या पुढे होत्या पॅट टर्नर, आरोग्य संस्थांच्या राष्ट्रीय महासंघाच्या प्रमुख. या बाईंनी नव्वदीत अ‍ॅटसिकचा कारभार मुख्य अधिकारी म्हणून सांभाळला होता. म्हणजे काय मोडलं आणि का मोडलं, हे त्यांनी आतून पाहिलेलं. त्यांनी या वेळी नवी संस्था मागितली नाही. संस्था निर्माण केली की ती बंद करता येते. त्यांनी करार मागितला. आधीपासून पायावर उभ्या असलेल्या, आपापल्या सभासदांना उत्तरदायी असलेल्या संघटनांची आघाडी एका बाजूला आणि सगळी सरकारं दुसऱ्या बाजूला. आघाडीचं नाव ‘कोअलिशन ऑफ पीक्स’. मार्च 2019 मध्ये भागीदारीचा करार झाला आणि जुलै 2020 मध्ये राष्ट्रीय करार. त्यावर केंद्र, सगळी राज्यं, स्थानिक स्वराज्य संस्थांचा संघ आणि ही आघाडी अशा सगळ्यांच्या सह्या आहेत.

या करारात लक्ष्यं आहेतच, पण त्याच्या गाभ्याशी चार सुधारणा आहेत. निर्णय एकत्र बसून घ्यायचे. समुदाय-नियंत्रित संस्था बळकट करायच्या, त्यांच्याकडे सेवा सोपवायच्या. सरकारी खात्यांनी स्वतःची वागणूक बदलायची. आणि माहिती, म्हणजे आकडेवारी, समुदायांना त्यांच्या भागापुरती उपलब्ध करून द्यायची. चौथी गोष्ट कोरडी वाटते, पण तिच्याशिवाय पहिली पोकळ आहे. टेबलाच्या एका बाजूला सगळे आकडे आणि दुसऱ्या बाजूला नुसता अनुभव असेल, तर एकत्र बसून घेतलेला निर्णय कोणाचा होतो ते आपल्याला माहीत आहे.

‘समुदाय-नियंत्रित’ म्हणजे काय याची व्याख्याही करारात घातली, आणि ते शहाणपणाचं झालं. संस्था कायद्याने नोंदलेली, ना नफा तत्त्वावरची हवी. ताबा आणि कारभार मूलनिवासींचा हवा. जिथे सेवा देते त्या समुदायाशी नातं हवं. नियामक मंडळात बहुमत मूलनिवासींचं हवं. नाहीतर शहरातली कंपनी दोन चेहरे पुढे उभे करून निविदा भरते, हा अनुभव त्यांनाही आहे.

निर्णय सोपवणं प्रत्यक्षात कसं दिसतं याचं मला भावलेलं उदाहरण व्हिक्टोरिया राज्यातलं आहे. ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकाची बरीच दशकं अ‍ॅबोरिजिनल मुलांना घरातून उचलून संस्थांत, गोऱ्या कुटुंबांत ठेवलं गेलं. 1997 च्या ‘ब्रिंगिंग देम होम’ अहवालाने ते देशापुढे मांडलं. आजही घराबाहेर, सरकारी देखरेखीत राहावं लागण्याचं प्रमाण मूलनिवासी मुलांमध्ये इतर मुलांच्या सुमारे दहापट आहे. तेव्हा ‘या मुलाने कुठे राहायचं’ ही सही कोणाची, हा त्या समाजासाठी सगळ्यात दुखरा प्रश्न. व्हिक्टोरियाच्या 2005 च्या कायद्यात अठरावं कलम आहे. त्यानुसार अ‍ॅबोरिजिनल बालकल्याण संस्थेच्या प्रमुखाला सरकारी अधिकाऱ्याचे अधिकार देता येतात. कायदा झाला, पण पहिल्या संस्थेला ते अधिकार प्रत्यक्ष मिळायला 2017 उजाडलं. मधली वर्षं तयारीत, प्रयोगात आणि खात्याचा विश्वास मिळवण्यात गेली. आता तिथली संस्था न्यायालयाच्या संरक्षण-आदेशाखालच्या मुलांबद्दल स्वतः निर्णय घेते. तिला आत्या माहीत असते, आजी माहीत असते. मूल कोणाकडे राहू शकेल हे शोधायला तिला फाइल उघडावी लागत नाही.

सेवेचं उदाहरण ब्रिस्बेनचं. मूलनिवासी आरोग्य संस्था आणि तिथलं एक मोठं प्रसूती रुग्णालय यांनी 2013 पासून एकत्र काम सुरू केलं. गरोदर बाईला पहिल्या तपासणीपासून बाळंतपणानंतरपर्यंत तीच सुईण, न्यायला-आणायला गाडी, वस्तीत केंद्र, आणि मूलनिवासी कर्मचारी. मुदतीआधी होणाऱ्या प्रसूतींचं प्रमाण या बायकांमध्ये लक्षणीय कमी झाल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. यात औषध नवीन काहीच नाही. बाई वेळेवर तपासणीला येते, कारण तिथे तिला कोणी खाली बघायला लावत नाही.

आणि ऐकलं नाही तर काय होतं, तेही सांगितलं पाहिजे. कोविडमध्ये सुरुवातीला तिथल्या समुदाय संस्थांनी फार जलद पावलं उचलली. दुर्गम वस्त्यांत बाहेरच्यांना बंदी घाला, अशी मागणी त्यांनी लावून धरली, संदेश त्यांच्या भाषांत गेले. ऑगस्ट 2021 च्या अखेरीपर्यंत त्या समाजात कोविडने एकही मृत्यू नोंदला गेला नव्हता. पण न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेला डार्लिंग नदीकाठी विल्कॅनिया नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या मारी मा या अ‍ॅबोरिजिनल आरोग्य संस्थेने मार्च 2020 मध्येच केंद्रीय मंत्र्यांना पत्र लिहून कळवलं होतं की घरांमध्ये दाटी इतकी आहे की साथ आली तर कोणाला वेगळं ठेवायला जागा नाही. सतरा महिन्यांनी साथ आली. लोकांना विलगीकरणात ठेवायला शेवटी गावात मोटारघरं आणून उभी करावी लागली. संस्था सेवा देत होती, संस्थेचं म्हणणं सरकारदरबारी पोचलंही होतं. पण घरं बांधायची की नाही, ही सही तिची नव्हती.

फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या उत्पादकता आयोगाने राष्ट्रीय कराराचा पहिला मोठा आढावा दिला. निष्कर्ष कडक आहे. सरकारांनी सह्या केल्या, पण करार पाळण्यासाठी खात्यांच्या कामात जो बदल व्हायला हवा तो बहुतेक ठिकाणी झालेला नाही. जुन्याच कामांना नवी नावं लावली आहेत. त्याच्या चार महिने आधी, 14 ऑक्टोबर 2023 ला, राज्यघटनेत मूलनिवासींच्या सल्लागार ‘आवाजा’ला स्थान देण्याचं सार्वमत झालं. साठ टक्के मतदारांनी नाही म्हटलं, सहाच्या सहा राज्यांत नाही. जिथे मूलनिवासींची संख्या जास्त आहे अशा अनेक दुर्गम मतदान केंद्रांवर मात्र बहुमत ‘हो’चं होतं. राज्यांच्या पातळीवर गाडी थांबलेली नाही. साउथ ऑस्ट्रेलियाने आपल्या कायद्याने असा ‘आवाज’ निवडला, जरी 2024 च्या त्या निवडणुकीत मतदान फारच कमी झालं. व्हिक्टोरियात 2019 पासून निवडून आलेली सभा आहे आणि 2025 मध्ये तिथे तहाचा कायदा मंजूर झाला.

प्रश्न घेऊ. हां, बोला ताई.

ताईंचा प्रश्न असा की, या संस्थांमध्येही घराणेशाही, भ्रष्टाचार असेलच ना? असतो. एकाच मोठ्या कुटुंबाने मंडळ बळकावल्याचे प्रकार होतात. मूलनिवासी संस्थांसाठी वेगळा कायदा आणि वेगळा निबंधक आहे, आणि तो मंडळ बाजूला करून प्रशासक नेमू शकतो. आपल्या सहकारी संस्थांवर बसतो तसाच. फरक एवढा की आपल्याकडे एखाद्या साखर कारखान्यावर प्रशासक आला तर ‘शेतकऱ्यांना कारभार जमत नाही’ असं कोणी म्हणत नाही. तिथे एक संस्था बुडाली की सगळ्या समाजाच्या लायकीवर चर्चा सुरू होते. दुसरी एक रास्त टीका आहे : आघाडीत आहेत त्या मुख्यतः सेवा देणाऱ्या संस्था. जो कोणत्याच संस्थेचा सभासद नाही, त्याचं कोण बोलणार? याला समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही. म्हणून मला वाटतं की सेवा देणाऱ्या संस्था आणि निवडून आलेली सभा या दोन्ही लागतील, आणि त्या वेगवेगळ्या ठेवाव्या लागतील.

मागून पेसाबद्दल विचारलंय. तुलना करता येते, पण जपून. 1996 च्या पेसा कायद्यात आणि 2006 च्या वनहक्क कायद्यात अधिकार संस्थेला नाही, ग्रामसभेला आहे, म्हणजे गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला. प्रतिनिधित्वाचा प्रश्न तिथे निम्मा सुटतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने 2011 मध्ये स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला, तेव्हा कोणी गावाच्या वतीने सही केली नव्हती, गावानेच केली होती. अडचण पुढे येते. दवाखाना, आश्रमशाळा, रेशन या गोष्टी ग्रामसभेच्या हातात कुठे आहेत? ऑस्ट्रेलियात संस्थांकडे दवाखाने आहेत, पण जंगल-जमिनीवर नकाराचा पक्का अधिकार बहुतेक ठिकाणी नाही. आपल्याकडे कागदावर जंगलाचा अधिकार आहे, पण रात्री ताप आलेल्या पोराला न्यायला गाडी दुसऱ्याची.

वेळ संपलीय असं संयोजक खुणावतायत. ज्यांना अठराव्या कलमाबद्दल आणखी बोलायचंय त्यांनी बाहेर चहापाशी भेटा, मी आहे अर्धा तास.